भाषाकालमापनाचा इतिहास : अणू, शब्द आणि रक्त

१

एका शास्त्रात सिद्ध झालेली पद्धती दुसऱ्या शास्त्राने उसनी घ्यावी, ही विद्येच्या इतिहासात नवी गोष्ट नव्हे. अशा उसनवारीने पुष्कळदा लाभ झालेला आहे. परंतु उसने घेताना सूत्र तेवढे हाती येते आणि ज्या अटींवर ते सूत्र उभे असते त्या अटी मूळ घरीच राहून जातात, असाही अनुभव आहे. प्रस्तुत निबंधात अशाच एका उसनवारीचा इतिहास थोडक्यात मांडावयाचा आहे. किरणोत्सर्गी द्रव्याच्या क्षयाचा नियम भौतिकीने विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केला. शतकाच्या मध्यावर भाषांचे वय ठरविण्यासाठी भाषाशास्त्राने तो उचलला. पुढे भाषांच्या वंशवृक्षाशी मानवसमूहांच्या रक्ताचा वंशवृक्ष जुळवून पाहण्याचा उद्योग सुरू झाला, तेव्हा हा प्रवास जीवनीतिशास्त्राच्या दाराशी येऊन ठेपला.

या तिन्ही टप्प्यांचे विवेचन निरनिराळ्या विभागांत, निरनिराळ्या ग्रंथांच्या आधारे शिकविले जाते, आणि त्यामुळे त्यांतील एकसूत्रता सहसा ध्यानात येत नाही. ते सूत्र असे, की मोजल्या जाणाऱ्या वस्तूला शेजार नाही असे प्रत्येक टप्प्यावर गृहीत धरले गेले. किरणोत्सर्गी अणूच्या बाबतीत ते गृहीतक खरे आहे. शब्दाच्या बाबतीत ते खरे नाही. आणि रक्ताच्या बाबतीत तर शेजारच काय, धनीही आहे, याचाच विसर पडला.

२

भाषांचा वंशवृक्ष काढण्याची कल्पना काळ मोजण्याच्या कल्पनेहून जुनी आहे. ऑगुस्ट श्लायखर यांनी इंडो-युरोपीय भाषांचे संबंध १८५३ मध्ये वृक्षाच्या आकृतीने दाखविले, आणि १८६३ मध्ये डार्विनच्या सिद्धांताचा भाषाशास्त्राशी असलेला संबंध विशद करणारे एक पत्ररूप पुस्तक प्रसिद्ध केले. भाषा हा निसर्गातील सजीव पदार्थ आहे आणि तो स्वतःच्या नियमांनी वाढतो, ही त्यांची धारणा होती. वृक्षाच्या आकृतीत एक गोष्ट अध्याहृत असते. एकदा फुटलेली फांदी पुन्हा दुसऱ्या फांदीला येऊन मिळत नाही. दोन भाषा वेगळ्या झाल्या म्हणजे त्यांचा परस्परांशी व्यवहार संपला, असेच ती आकृती सांगते.

या धारणेला आक्षेप लवकरच आले. योहानेस श्मिट यांनी १८७२ मध्ये असे दाखवून दिले, की इंडो-युरोपीय शाखांमधील साम्ये वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे न विभागता पाण्यावरील तरंगांप्रमाणे एकमेकांना छेदत पसरलेली आहेत. त्यांचे समकालीन ह्युगो शुखार्ट यांनी तर भाषामिश्रण हाच अभ्यासाचा विषय केला आणि संपूर्णपणे अमिश्र अशी भाषाच नसते, असे मत मांडले. म्हणजे वृक्ष आणि तरंग हा वाद आजचा नव्हे; तो दीडशे वर्षांचा आहे. मात्र दोन्ही पक्षांजवळ एक साधन नव्हते. कोणती फांदी केव्हा फुटली हे वर्षांत सांगता येत नव्हते. ज्या भाषांना शिलालेख आणि ग्रंथ आहेत त्यांचा काळ लेखांवरून ठरे. ज्यांना लिपीच नाही त्यांना जणू इतिहासच नाही, असे मानले जाई.

३

हे साधन ज्या दिशेने आले ती दिशा भाषाशास्त्राला अपरिचित होती. रदरफर्ड आणि सॉडी यांनी १९०२ मध्ये किरणोत्सर्गाचा नियम मांडला. कोणत्याही क्षणी जितके अणू शिल्लक असतील त्यांचा एक ठरावीक अंश ठरावीक काळात विघटित होतो, असा तो नियम. या नियमामागील संभाव्यतेचा अर्थ १९०५ मध्ये एगॉन फॉन श्वाइडलर यांनी स्पष्ट केला. एखादा अणू नेमका केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. परंतु पुढच्या वर्षभरात तो फुटण्याची संभाव्यता निश्चित असते, आणि ती त्या अणूच्या वयावर अवलंबून नसते. त्याच्या शेजारचे अणू फुटले की नाही, यावरही ती अवलंबून नसते. या एका अटीवर सारे गणित उभे आहे. अणू परस्परांपासून स्वतंत्र असतात, म्हणूनच त्यांच्या समुदायाचा क्षय इतक्या नियमितपणे होतो, की त्याचे घड्याळ करता येते.

हे घड्याळ इतिहासाच्या उपयोगी आणले ते विलर्ड लिबी यांनी. सजीव पदार्थ मेल्यावर त्यातील कार्बन-१४ चा पुरवठा थांबतो आणि उरलेल्याचा क्षय होत राहतो. त्यावरून मृत्यूचा काळ काढता येतो. १९४९ मध्ये लिबी आणि जेम्स आर्नल्ड यांनी ज्यांचे वय इतर मार्गांनी ठाऊक होते अशा नमुन्यांवर ही पद्धती पडताळून पाहिली. या कार्याबद्दल लिबी यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढील विवेचनाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. भौतिकीने आपले हे घड्याळ अचूक म्हणून कधीच पूजले नाही. लिबी यांनी कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५५६८ वर्षे धरले होते. ते ५७३० वर्षांच्या जवळपास असल्याचे १९६० च्या सुमारास निश्चित झाले. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळी सारखे होते, हे गृहीतकही तपासले गेले आणि ते पूर्णतः खरे नसल्याचे १९५८ मध्ये हेसल दे फ्रीस यांनी दाखविले. तेव्हा झाडांच्या खोडांतील वार्षिक वलये मोजून या घड्याळाची दुरुस्ती करण्यात आली. जे शास्त्र सर्वांत निश्चित मानले जाते, त्याने आपले गृहीतक बाहेरच्या पुराव्याशी ताडून पाहण्यात कमीपणा मानला नाही.

४

लिबी यांच्या कार्याने ज्यांचे लक्ष वेधले त्यांत मॉरिस स्वॉडेश हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ होते. स्वॉडेश हे एडवर्ड सपीर यांचे शिष्य. त्यांचे आयुष्य अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या, बहुशः लिपिहीन अशा भाषांच्या अभ्यासात गेले. १९३९-४० च्या सुमारास मेक्सिकोत तारास्कन लोकांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत साक्षर करण्याच्या कार्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. १९४९ मध्ये राजकीय मतांमुळे त्यांना न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातील अध्यापकाची जागा गमवावी लागली. ज्यांना ग्रंथ नाहीत त्यांनाही इतिहास आहे, हे सप्रमाण दाखवावे, ही त्यांची तळमळ होती. भाषाकालमापनाच्या पद्धतीवर पुढे जी टीका झाली ती वाचताना ही पार्श्वभूमी विसरता कामा नये.

स्वॉडेश यांची कल्पना साधी होती. प्रत्येक भाषेत काही शब्द रोजच्या जगण्याचे असतात : शरीराचे अवयव, सूर्य-चंद्र, पाणी, अग्नी, मी-तू, एक-दोन. हे शब्द सहजासहजी बदलत नाहीत, परंतु बदलतात. ठरावीक काळात त्यांतील ठरावीक अंश बदलतो, असे मानले तर ही शब्दसूची म्हणजे कार्बन-१४ च्या अणूंचा साठाच झाला. १९५० व १९५२ च्या निबंधांत त्यांनी ही पद्धती मांडली. आरंभीची दोनशेच्या घरातील सूची १९५५ मध्ये त्यांनी शंभर शब्दांवर आणली. रॉबर्ट लीझ यांनी १९५३ मध्ये, ज्यांचा लिखित इतिहास ज्ञात आहे अशा तेरा भाषांवर दीर्घ सूची पडताळून दर हजार वर्षांनी सुमारे ८० टक्के शब्द टिकतात असा निष्कर्ष काढला. शंभर शब्दांच्या सूचीसाठी हे प्रमाण ८६ टक्के धरण्यात आले.

यावरून सूत्र असे मिळते. दोन भाषांतील समान मूळ असलेल्या शब्दांचे प्रमाण घ्यावे व त्याचा लॉगॅरिदम काढावा. एका सहस्रकात टिकणाऱ्या प्रमाणाचा लॉगॅरिदम काढून त्याची दुप्पट करावी. पहिल्याला दुसऱ्याने भागले म्हणजे त्या दोन भाषा किती सहस्रकांपूर्वी विभक्त झाल्या ते कळते. दुप्पट एवढ्याचसाठी, की विभक्त झाल्यावर दोन्ही भाषा आपापल्या परीने बदलत असतात. शंभरांपैकी ७४ शब्द समान आढळले तर उत्तर जवळजवळ नेमके एक हजार वर्षे येते. ५५ आढळले तर सुमारे दोन हजार वर्षे.

लीझ यांच्या तेरा भाषांकडे पाहिले म्हणजे पहिली शंका येते. त्यांपैकी अकरा इंडो-युरोपीय कुलातील होत्या, आणि त्यांतही सहा लॅटिनच्या लेकी होत्या. म्हणजे तेरा स्वतंत्र साक्षीदार नव्हते. एकाच घरातील अनेकांची साक्ष घेतली गेली होती. नमुने परस्परांपासून स्वतंत्र असले पाहिजेत, या अटीचा भंग पडताळणीतच झाला होता.

५

निर्णायक आघात १९६२ मध्ये झाला. क्नुट बेर्गस्लांड आणि हान्स फोग्ट या नॉर्वेजियन विद्वानांनी असे दाखविले, की आइसलँडच्या भाषेने हजार वर्षांत ही शब्दसूची जवळजवळ जशीच्या तशी जपली आहे. त्याच मूळ भाषेपासून निघालेल्या नॉर्वेतील ग्रांथिक भाषेने मात्र, डॅनिशच्या दीर्घ संपर्कामुळे, त्यातील बरेच शब्द बदलले. आई एक, काळ एक. बदलाचा वेग मात्र भिन्न. तेव्हा क्षयाचा सर्वत्र सारखा असा अंक भाषेला नाही. समुद्राने वेढलेली भाषा आणि शेजाऱ्यांत राहणारी भाषा यांची घड्याळे एका गतीने चालत नाहीत.

हाच प्रश्न मराठीच्या संदर्भात पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. शंभर शब्दांच्या सूचीत तांबडा रंग, वाट, माती आणि चरबी यांचे रकाने आहेत. आजच्या मराठी भाषकाला विचारले तर पहिल्यासाठी 'लाल', दुसऱ्यासाठी 'रस्ता', क्वचित तिसऱ्यासाठी 'जमीन' आणि चौथ्यासाठी तर हटकून 'चरबी' हाच शब्द मिळेल. हे चारही शब्द सामान्यतः फारसीतून आलेले मानले जातात. त्यांपैकी 'तांबडा', 'वाट' आणि 'माती' हे जुने शब्द अजून जिवंत आहेत. 'चरबी'ला मात्र रोजच्या बोलण्यात दुसरा शब्द सहजी आठवत नाही. हिंदी भाषकही हेच चार शब्द सांगू शकेल. अभ्यासकाला ही उसनवारी ओळखता आली नाही, तर मराठी आणि हिंदी यांना ही चार साम्ये आजोळकडून मिळाली, असे तो समजेल; वस्तुतः ती दोघींनी एकाच सावकाराकडून घेतलेली आहेत.

याचा परिणाम किती, ते गणितानेच पाहावे. उदाहरणादाखल समजा, की दोन भाषांत ७० शब्द खरोखर वारशाचे समान आहेत आणि चार उसने शब्द चुकून त्यांत मोजले गेले. ७४ शब्दांना उत्तर सुमारे ९९८ वर्षे येते. ७० शब्दांना सुमारे ११८२ वर्षे. चार शब्दांच्या चुकीने १८४ वर्षांचा फरक पडला. शिवजन्मापासून पेशवाईच्या अस्तापर्यंतचा काळ साधारण एवढाच आहे. फारसी शब्द ओळखणे तरी सुकर आहे. माधवराव पटवर्धनांच्या १९२५ च्या फार्शी-मराठी कोशासारखी साधने त्यासाठी उपलब्ध आहेत. परंतु मराठी, गुजराती व कोकणी अशा सख्ख्या बहिणींनी एकमेकींकडून घेतलेला शब्द ओळखावा कसा? आणि 'रक्त' किंवा 'पक्षी' यांसारखे तत्सम शब्द कोणत्या रकान्यात घालावेत? ते पिढ्यानपिढ्या मुखोमुखी चालत आलेले नव्हेत. विद्वानांनी संस्कृतातून पुन्हा आणलेले होत. बंगालीनेही 'रक्त' शब्द असाच आणला. दोन्हीकडे तो एकच दिसतो. परंतु तो साम्याचा पुरावा आहे तो ग्रंथसंस्कृतीच्या, विभक्त होण्याच्या काळाच्या नव्हे.

६

येथवरच्या आक्षेपाला असे उत्तर देता येईल, की उसने शब्द काळजीपूर्वक वगळावेत म्हणजे झाले. परंतु भाषासंपर्काचे स्वरूप याहून खोल आहे, हे ज्या अभ्यासाने जगाच्या ध्यानात आणून दिले तो महाराष्ट्रातच झाला. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावातील भाषाव्यवहाराचा जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि काही प्रमाणात तेलुगू या भाषा शतकानुशतके एकत्र नांदत होत्या. घरची भाषा हे जातीचे व धर्माचे लक्षण असल्यामुळे ती कोणी सोडली नाही. आणि शेतावर, बाजारात, पंचायतीत सर्वांना सर्वांशी बोलावयाचे असल्यामुळे पुरुषवर्ग बहुभाषिक राहिला. परिणाम असा झाला, की या भाषांची वाक्यरचना इतकी एकरूप झाली, की एका भाषेतील वाक्य दुसऱ्या भाषेत शब्दास शब्द ठेवून उतरविता येऊ लागले. शब्द मात्र निरनिराळेच राहिले.

शब्दसूची घेऊन कुपवाडला गेलेल्या संशोधकाला काय दिसेल? कन्नड ही कन्नड, मराठी ही मराठी; जणू या भाषांची भेटच झाली नाही. जो घटक मोजावयाचा म्हणून निवडला, तोच घटक तेथील समाजाने आपली ओळख राखण्यासाठी जपला होता. आणि जो मोजला गेला नाही, त्या व्याकरणात सारे संपर्काचे कार्य घडून आले होते. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीचा इतिहास लिहिताना आणि मरी एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादन करताना याच प्रकारच्या प्रश्नांकडे लक्ष वेधले होते. शब्द कुळाचा असतो आणि रचना गावाची होते, असे या उदाहरणापुरते म्हणण्यास हरकत नाही.

७

१९६२ नंतर भाषाकालमापन मागे पडले. परंतु भौतिकीच्याच मार्गाने ते परत आले. १९५३ मध्ये लॉस अ‍ॅलमॉस येथे निकोलस मेट्रोपोलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रव्यातील कणांच्या असंख्य संभाव्य रचनांपैकी यादृच्छिक नमुने घेऊन सरासरी काढण्याची एक युक्ती गणकयंत्रासाठी तयार केली. हीच युक्ती पुढे संख्याशास्त्रात आणि जीवशास्त्रात वंशवृक्ष काढण्यासाठी वापरली गेली. २००३ मध्ये रसेल ग्रे आणि क्वेंटिन अ‍ॅटकिन्सन यांनी ती ८७ इंडो-युरोपीय भाषांच्या शब्दसूचींना लावली. बदलाचा वेग सर्वत्र एकच असतो, ही जुनी अट त्यांनी सोडून दिली होती, आणि ही प्रगती मान्य केली पाहिजे. त्यांनी मूळ भाषेचे वय ७८०० ते ९८०० वर्षे ठरविले. २०१५ मध्ये विल चँग आणि सहकाऱ्यांनी, लॅटिन किंवा वैदिक यांसारख्या प्राचीन भाषांना त्यांच्या वंशज भाषांच्या प्रत्यक्ष पूर्वज मानून तेच गणित केले, तेव्हा वय सुमारे ६५०० वर्षांच्या आत आले. २०२३ मध्ये पॉल हेगर्टी आणि सहकाऱ्यांनी १६१ भाषांची नवी सूची तयार करून सुमारे ८१०० वर्षे असा निष्कर्ष काढला.

गणिताचा पाया एकच असताना उत्तरांत दीड हजार वर्षांहून अधिक अंतर पडते, याचा अर्थ गणित चुकीचे आहे असा नव्हे. कोणता शब्द वारशाचा आणि कोणता उसना, कोणती भाषा कोणाची आई आणि कोणती मावशी, हे निर्णय गणिताच्या आधी घ्यावे लागतात. आणि ते निर्णय भाषेच्या अभ्यासकाचेच असतात. सूत्र कितीही सूक्ष्म झाले तरी ही जबाबदारी त्याच्यावरून टळत नाही.

८

आता तिसऱ्या टप्प्याकडे वळू. १९८८ मध्ये लुइजी लुका काव्हाली-स्फोर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ मानवसमूहांचा आनुवंशिक वंशवृक्ष काढून तो जगातील भाषाकुलांच्या वर्गीकरणासमोर ठेवला आणि दोहोंत बरेच साम्य असल्याचे प्रतिपादन केले. कल्पना आकर्षक होती. परंतु समूहांना दिलेली नावे पुष्कळदा भाषांचीच होती, हे समीक्षकांनी दाखवून दिले. शिवाय रक्त न बदलता भाषा बदलते, हे आपण आपल्याच प्रदेशात पाहतो. कोकणातील बेने इस्रायल समाजाची घरची भाषा पिढ्यानपिढ्या मराठी आहे. सातपुड्यातील कित्येक आदिवासी कुटुंबे आपल्या मूळ भाषेकडून मराठीकडे किंवा हिंदीकडे वळली आहेत.

१९९१ मध्ये याच विद्वानांच्या पुढाकाराने मानवी जनुकीय वैविध्याच्या जागतिक पाहणीची हाक देण्यात आली. एकाकी राहिलेले समूह मिसळून जाण्यापूर्वी त्यांच्या रक्ताचे नमुने जतन करावेत, अशी निकडीची भाषा त्या आवाहनात होती. शेजार नसलेल्या नमुन्याचा शोध येथेही चालूच होता. फरक एवढाच, की या वेळी ज्यांना नमुना म्हटले गेले ती माणसे बोलू शकत होती. १९९३ मध्ये ग्वाटेमाला येथे भरलेल्या मूळ रहिवाशांच्या जागतिक परिषदेने या योजनेचा निषेध केला. रक्तपिपासू योजना हे तिचे टोपणनाव त्याच काळात रूढ झाले. १९९५ मध्ये पापुआ न्यू गिनीतील हागाहाई समाजाच्या एका पुरुषाच्या रक्तातून तयार केलेल्या पेशींवर अमेरिकन शासनाच्या आरोग्यसंस्थेला पेटंट मिळाले. ते त्या योजनेचा भाग नव्हते. परंतु त्यामुळे संशय दृढ झाला. १९९६ मध्ये ते पेटंट सोडून देण्यात आले. वैविध्य योजनेतून २००२ मध्ये पॅरिस येथील संस्थेत १०६४ व्यक्तींच्या पेशींचा संग्रह सिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियातील नमुने सर्व पाकिस्तानातील आहेत, भारतातील एकही नाही.

भाषेच्या अभ्यासकाने विशेष विचार करावा असे प्रकरण मात्र हावासुपाई लोकांचे आहे. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या या छोट्या समाजात मधुमेहाचे प्रमाण मोठे होते. त्यासंबंधीच्या संशोधनासाठी म्हणून १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना त्यांनी आपले रक्त दिले. तेच नमुने पुढे मनोविकृती, आप्तविवाह आणि समाजाचे प्राचीन स्थलांतर यांच्या अभ्यासासाठी वापरले गेले. आपले पूर्वज त्याच दरीत निर्माण झाले, ही त्या लोकांची परंपरागत श्रद्धा; आणि त्यांच्याच रक्ताच्या आधारे, त्यांना न विचारता, त्यांचे पूर्वज आशियातून आले असे लिहिले गेले. २००४ मध्ये दावा दाखल झाला. २०१० मध्ये तडजोड होऊन ४१ सभासदांना सात लक्ष डॉलर देण्यात आले आणि उरलेले रक्त परत करण्यात आले.

येथे सत्य काय, एवढाच प्रश्न नव्हता. स्थलांतराचा निष्कर्ष शास्त्रीय दृष्ट्या खरा असू शकेल. तथापि एका कामासाठी दिलेली वस्तू दुसऱ्या कामासाठी वापरण्याचा अधिकार सत्यशोधनाच्या नावानेही मिळत नाही. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता, १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा आणि १९७९ चा बेलमाँट अहवाल यांनी व्यक्तीची संमती हा संशोधनाचा पाया ठरविला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये पहिले धोरण जाहीर केले आणि २०००, २००६ व २०१७ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परंतु आरंभीच्या संहितांचा रोख व्यक्तीच्या देहाला होणाऱ्या इजेकडे होता. वंशवृक्षाच्या संशोधनात नमुना एकाचा असतो आणि निष्कर्ष सर्वांविषयी असतो. हानी व्हायचीच तर ती समूहाच्या नावाला होते. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःच आचारसंहिता तयार केली, ती याच जाणिवेतून.

९

हे सारे रक्ताविषयी झाले. शब्दसूचीने कोणाला सुई टोचत नाही, असे भाषेच्या अभ्यासकाला वाटणे स्वाभाविक आहे. त्याने निहाली भाषेचे उदाहरण पाहावे. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद भागात आणि लगतच्या मध्य प्रदेशात बोलली जाणारी ही भाषा कोणत्याही ज्ञात कुलात बसत नाही. तिच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग कोरकूतून, काही द्राविडी भाषांतून आणि काही मराठी-हिंदीतून आलेला आहे. सुमारे चतुर्थांश शब्दांचे नातलग कोठेच सापडत नाहीत. भाषाकालमापनाचे सूत्र येथे लावले तर कोरकू ही तिची सख्खी बहीण ठरेल. वस्तुतः ती शेजारीण आहे.

१९६२ मध्ये, म्हणजे बेर्गस्लांड आणि फोग्ट यांची टीका आली त्याच वर्षी, एफ. बी. जे. काइपर यांनी या भाषेवर तुलनात्मक ग्रंथ लिहिला. तो अतिशय परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे. परंतु न उलगडणाऱ्या शब्दांचा विचार करताना, चोरट्यांच्या सांकेतिक बोलीसारखे काही तिच्यात असावे, अशी एक शक्यता त्यांनी सूचित केली. काइपर यांच्या दृष्टीने ते अनेक तर्कांपैकी एक होते. परंतु गुन्हेगार जमातींचा कायदा ज्या देशात १९५२ पर्यंत अस्तित्वात होता, त्या देशातील एका दुर्बळ समाजाच्या बाबतीत अशा तर्काचे वजन विद्यापीठातील वाचकाला वाटते त्याहून फार अधिक असते. शब्दसूची ज्यांनी सांगितली त्यांना हा तर्क कळला नाही, आणि त्याचा प्रतिवाद करण्याचे साधनही त्यांच्यापाशी नव्हते. म्हणजे शब्दालाही धनी आहे.

१०

या इतिहासातून स्वॉडेश यांचा प्रयत्न व्यर्थ होता असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. लिपिहीन समाजांनाही काळाच्या पटावर स्थान मिळावे, हा त्यांचा हेतू आजही आदरास पात्र आहे, आणि त्यांच्या शब्दसूचीवाचून आजचे क्षेत्रकार्य सुरूच होत नाही. गणिताला भाषाशास्त्रात स्थान नाही, असाही निष्कर्ष यातून निघत नाही. उलट, भौतिकीकडून सूत्राबरोबर तिची शिस्तही घ्यावयास हवी होती, असे दिसते. लिबी यांचे घड्याळ झाडाच्या वलयांशी ताडून दुरुस्त केले गेले. भाषेच्या घड्याळासाठी ती वलये कोणती, याचा विचार पुष्कळ उशिरा झाला.

आपल्या विभागातून दरवर्षी विद्यार्थी शब्दसूची घेऊन गावोगाव जातात. त्यांनी निघण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. मी जे मोजणार आहे ते घटक खरोखर परस्परांपासून स्वतंत्र आहेत काय? ज्या भाषेची सूची मी घेतो आहे तिच्या शेजारच्या भाषा मला किती येतात? आणि जो निष्कर्ष मी काढीन तो सूची सांगणाऱ्याच्या ओसरीवर बसून, त्याला समजेल अशा भाषेत मला सांगता येईल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणिताच्या साहाय्याने मिळेल आणि दुसऱ्याचे भाषाशास्त्राच्या. तिसऱ्याचे उत्तर मिळण्यासाठी पुन्हा त्याच गावी जावे लागते. आणि आपल्या प्रबंधांच्या वेळापत्रकात या दुसऱ्या फेरीसाठी अद्याप जागा ठेवलेली नाही. ती ठेवणे विभागाच्या हाती आहे.